कुयरीचा मान बँकॉकात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईत वाढलेल्या आणि पत्रकारिता सोडून शेफ झालेल्या गरिमा अरोरा यांच्याबद्दल लिहिताना सगळे 'मिशेलिन' या रेस्तराँ-मार्गदर्शिकेच्या ताऱ्यांपाशीच थांबतात. २०१८ साली एक तारा, २०२३च्या अखेरीस दुसरा. दोन तारे मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. कौतुक आहेच. पण बँकॉकच्या त्यांच्या 'गा' रेस्तराँत गाजलेला पदार्थ कोणता, तर कोवळा फणस, म्हणजे आमची कुयरी, सोबत रोटी आणि लोणची! पॅरिसच्या ल कॉर्दों ब्ल्यू या पाकशाळेत शिकून, कोपनहेगनच्या 'नोमा' रेस्तराँत राबून आलेली बाई शेवटी आमच्या फणसाशी येऊन ठेपली, याचं मला कोण अप्रूप वाटलं.

थायलंडात फणसाचं नवल नाही. उत्तरेकडे कोवळा फणस उकडून कुटतात आणि लसूण-मिरचीच्या वाटणात परततात. त्याला म्हणतात 'ताम खनून'. ओलं खोबरं भुरभुरलं की झालीच आपली कुयरीची भाजी! केळफूल तिथेही खातात, नारळाचा रस तर हवाच. गवती चहाची पात आपण चहात टाकतो. ते खालचा पांढरा दांडा ठेचून रश्शात घालतात. अरोरांनी तिथल्या बाजारातला माल घेतला आणि त्याला आपल्याकडची पाककला लावली.

माझा भाचा हॉटेल मॅनेजमेंटला आहे. बेशामेल, व्हेलुते वगैरे फ्रेंच सॉस तोंडपाठ. गेल्या चैत्रात घरी आला तेव्हा म्हटलं, कुयरी चिरून दे. पठ्ठ्याने ना हाताला तेल लावलं ना सुरीला! पुढचा अर्धा तास मी त्याच्या बोटांवरचा चीक खोबरेल चोळचोळून काढत होते. कॉलेजात कुणी शिकवलं नाही, आणि लहानपणी विळीजवळ आला की मीच त्याला बाहेर पिटाळायची. तेव्हा त्याला काय बोलणार?

हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रात्यक्षिकांत कुयरी, केळफूल, सुरण का नसावेत? आपल्या पुरवणीने हे संबंधितांना एकदा विचारावं. एखाद्या कॉलेजने मनावर घेतलंच, तर आमच्या परसातल्या चार-पाच कुयऱ्या फुकट देईन. तेल मात्र त्यांनी आणावं.

आपली,
एक वाचक, राजापूर