झोन 2 मधील सवलत नागपूरसाठी काढून टाका

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

नागपुरात अनेक वर्षे इमारतींच्या संरचनेचे आराखडे करणारा एक अभियंता या नात्याने, भूकंपरोधक बांधणीच्या नियमांतून झोन 2 ला मिळणारी सवलत नागपुरात मोकळ्या तळमजल्याच्या नव्या इमारतींसाठी बंद करावी, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

भूकंपाच्या नकाशावर नागपूर झोन 2 मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात येते, आणि तेवढ्यावर आपण सारे निश्चिंत असतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी गाव उद्ध्वस्त झाले, तेव्हा तो भागही तत्कालीन नकाशातील सर्वांत सुरक्षित अशा झोन 1 मध्येच होता. तो झोन 2002 मध्ये रद्द झाला. किल्लारीची घरे दगडमातीची होती, हे मान्य. मात्र 2001 च्या भुज भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत कोसळल्या त्या काँक्रीटच्या इमारती होत्या आणि त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. मनीषनगर किंवा बेसा भागात फेरफटका मारल्यास तसे तळमजले किती आहेत, हे आपणांस सहज दिसेल.

वाऱ्याचा जोर इमारतीवर बाहेरून येतो. नागपूरसाठी वाऱ्याच्या भारतीय मानकाने सेकंदाला 44 मीटर हा मूळ वेग धरायला सांगितला आहे आणि तो जोर इमारतीने काहीही न मोडता सोसायचा असतो. भूकंपात मात्र जमीन सरकते, वरचे वजन मागे राहते आणि बळ इमारतीच्या स्वतःच्या वजनातूनच निर्माण होते. ते सगळे पेलणारे कॉलम कोणालाच परवडणार नाहीत, म्हणून आयएस 1893 हे भूकंपाचे भारतीय मानक हिशेबात ते बळ कॉलम-बीमच्या साध्या चौकटीसाठी तिनाने, तर सळयांची खास मांडणी असलेल्या विशेष चौकटीसाठी पाचाने भागू देते. ही उधारीच आहे. प्रत्यक्ष हादऱ्यात ती सळयांनी वाकून, ताणून, पण न तुटता फेडायची असते.

ती फेडण्याची ताकद कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या लोखंडी रिंगांवर अवलंबून असते. रिंगेचे टोक 135 अंशांत आत वळवलेले असेल, तर बाहेरचे काँक्रीट गळून पडले तरी रिंग उघडत नाही. 90 अंशांत वळवलेली उघडते. सळयांच्या भूकंपरोधक मांडणीचे मानक असलेल्या आयएस 13920 नुसार कॉलमच्या टोकांजवळ रिंगांमधील अंतर 100 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, तर साध्या नियमात ते 300 पर्यंत चालते. गोम अशी की, हे मानक झोन 3 पासून पुढे सक्तीचे आहे आणि झोन 2 मध्ये ऐच्छिक. ऐच्छिक गोष्टीवर कंत्राटदार लोखंड खर्च करत नाही, हे मी वेगळे सांगायला नको.

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दुरुस्ती करून, मोकळ्या तळमजल्याच्या प्रत्येक नव्या इमारतीस नागपुरातही आयएस 13920 सक्तीचे करावे, आणि कॉलम भरण्याआधी रिंगांची छायाचित्रे संरचना अभियंत्याच्या सहीने दाखल करून घ्यावीत, अशी विनंती आहे. मी स्वतः राहतो त्या इमारतीचा आराखडा माझाच आहे. तिच्या पार्किंगमधील रिंगा 90 अंशांच्या आहेत आणि ती पूर्णपणे नियमात बसते.

आपला नम्र,
एक संरचना अभियंता, नागपूर