जुन्या पपनसाचा डोळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळात आमच्या परसातलं पपनस मुळासकट आडवं झालं. आजेसासऱ्यांनी पाटाच्या कडेला लावलेलं झाड. फळ आतून गुलाबी, फोड सोलताना कोरडी सुटायची आणि कडवटपणा नावाला. गणपतीपुढच्या फळांत ते नाही असं एकही वर्ष सासूबाईंना आठवत नव्हतं. त्या म्हणाल्या, "त्याची बी रुजून आलेली दोन रोपं आहेत ना, ती वाढव."

ती मी वाढवली. गेल्या वर्षी एकाला फळ आलं. पांढरं, जाड सालीचं आणि कडू. कागदी लिंबाच्या एका बीतून बहुधा एकाहून जास्त अंकुर येतात आणि त्यांतले बरेचसे आईच्याच वळणाचे निघतात, म्हणून बी टाकून केलेलं लिंबू सहसा फसवत नाही. पपनसाच्या बीत मात्र एकच गर्भ असतो, तोही परागीभवनातून झालेला. तेच फळ पुन्हा हवं असेल तर त्याच झाडाचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला अंकुर, दुसऱ्या मुळावलेल्या रोपावर, म्हणजे खुंटावर, भरावा लागतो.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी मी पडलेल्या झाडाच्या गोल, पक्व झालेल्या काड्या कापल्या. कोवळी फूट घेतली नाही. पानं काढली, देठ ठेवले आणि काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून माजघरात ठेवल्या. वीज नव्हती, फ्रीज बंद. वाडीत आंब्याची कलमं बांधणारे काका आहेत, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, आंब्याची काडी डोळे मिटून बांधीन, पण लिंबाचा डोळा कधी भरला नाही."

खुंट घरातच होता. वादळाच्या चार वर्षं आधी एका रोपवाटिकेतून आणलेली मोसंबी कधीच मेली होती. तिच्या खालून फुटलेली काटेरी जंबेरी, म्हणजे तिला खुंट म्हणून वापरलेलं लिंबू, माजली होती आणि मी तिलाच मोसंबी समजून शेणखत घालत होते. पिशवीतली माती जोडाच्या, म्हणजे खुंट आणि डोळा मिळतात त्या जागेच्या, वर आली होती, त्यामुळे जोड मला दिसलाच नव्हता. त्या जंबेरीच्या पेन्सिलीएवढ्या फांद्यांवर मी नऊ डोळे भरले. सालीला इंग्रजी टीसारखी चीर, आत डोळा, वरून प्लास्टिकची पट्टी. चार दिवसांत पाऊस लागला, आडव्या चिरेतून पाणी आत गेलं आणि सात डोळे कुजले. पागोळीच्या आत असलेल्या फांदीवरचे दोन जगले. तीन आठवड्यांनी देठाला बोट लावलं तर तो अलगद गळून पडला. देठ सुकून चिकटून राहिला तर डोळा मेला असं समजायचं.

आता मी उलटा टी घेते, म्हणजे आडवी चीर खाली येते. पट्टी खालून वर गुंडाळते, कौलं शाकारतात तशी, वरचा वेढा खालच्यावर. पाणी निथळून जातं. डोळा जमिनीपासून चांगला वीतभर वर भरते, कारण आमच्याकडच्या पावसात जोड मातीला टेकला की बुंध्यातून डिंक गळवणारा डिंक्या रोग लागायला वेळ लागत नाही. जंबेरीला पाणी साचलेलं सोसत नाही म्हणून रोप उंचवट्यावर. पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो मलम: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. जोडाखालची फूट दिसली की त्याच दिवशी खुडते. त्या दोन डोळ्यांपैकी एकाला २०२४ च्या गणपतीत तीन फळं आली. तीच, गुलाबी.

आंब्या-काजूची कलमं बांधणारे हात कोकणात गावोगावी आहेत. तेच हात लिंबूवर्गाला लागावेत. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी आणि कृषी खात्याने ग्रामपंचायतींत डोळा भरण्याची दोन-दोन दिवसांची प्रात्यक्षिकं घ्यावीत अशी माझी कळकळीची विनंती आहे. रोपवाटिकांनीही खुंट कोणता आणि डोळा कुठल्या झाडाचा, हे पिशवीवर लिहावं आणि जोड उघडा ठेवावा. घरी करणाऱ्यांनीही एक सांभाळावं: पानं पिवळी पडून खंगत चाललेल्या झाडाचा डोळा घेऊ नये. ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग हे रोग डोळ्याबरोबरच नव्या झाडात जातात.

माझ्याकडे सध्या जंबेरीची अकरा रोपं पेन्सिलीएवढी झाली आहेत. केळशी-आंजर्ले भागात कुणाच्या परसात जुनं, निरोगी पपनस असेल तर त्यांनी ते तोडण्याआधी गावात निरोप ठेवावा. पाऊस ओसरला की मी चाकू आणि पट्ट्या घेऊन येईन.

आपली,
एक वाचक, केळशी (ता. दापोली)