रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या संघटनेशी बोलायचे कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शासकीय रुग्णवाहिकांवर ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या चालकांना आणि डॉक्टरांना संघटना करण्याचा अधिकार कायद्याने आहे. परंतु त्या संघटनेशी चर्चेला बसण्याचे बंधन प्रत्यक्षात कोणावरच असल्याचे दिसत नाही. या प्रश्नाकडे कोल्हापूर जिल्हा प्रशासनाचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी आरोग्य सहायक म्हणून जिल्ह्याच्या पश्चिमेकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नोकरी केली. माझ्या शेवटच्या केंद्रावर गरोदर माता आणि अर्भकांसाठी असलेल्या १०२ क्रमांकाच्या गाडीवर एक तरुण चालक होता. एका वर्षी त्याचा दोन महिन्यांचा पगार थकला. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितले, हा विषय ठेकेदाराचा आहे. ठेकेदाराच्या माणसाने सांगितले, वरून बिल निघालेले नाही. या दोन महिन्यांत त्याने एकही फेरी चुकवली नाही. ऐन पावसात मध्यरात्री बाळंतपणाच्या पेशंटला कोल्हापूरच्या सीपीआर या शासकीय रुग्णालयात पोहोचवून तो पहाटे परत केंद्रावर हजर असे. पुढे तालुक्यातल्या चालकांनी मिळून निवेदन दिले. काही महिन्यांनी निविदा बदलली, नवा ठेकेदार आला, सर्वांना नव्याने अर्ज करावे लागले, आणि ज्या दोघांनी निवेदनावर सर्वांत आधी सह्या केल्या होत्या त्यांची नावे नव्या यादीत आली नाहीत. त्यांना कारण लेखी मिळाले नाही. मी त्या वेळी गप्प राहिलो, याची खंत मला आजही आहे.

संघटना बांधायला कायद्याची अडचण फारशी नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने सात जणांना नोंदणीसाठी अर्ज करता येत असे. २००१ च्या दुरुस्तीने त्याला आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्या सभासदांची अट जोडली गेली आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती जवळपास तशीच आहे. खरी अडचण पुढे, मान्यतेच्या टप्प्यावर येते. या संहितेनुसार एकापेक्षा अधिक संघटना असतील तर आस्थापनेच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार जिच्याकडे असतील ती वाटाघाटीची संघटना ठरते. आता रुग्णवाहिकेच्या चालकाचा हजेरीपट कोणाचा मानायचा? गाडी उभी असते शासकीय आवारात, कामाचा हुकूम येतो आरोग्य यंत्रणेकडून, पगारपत्रक असते ठेकेदाराकडे, आणि तो ठेकेदारही निविदेच्या मुदतीपुरताच. चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत एकेकटे विखुरलेले हे कामगार मोठ्या कष्टाने सभासद जमवतात, आणि ठेका बदलला की ती सगळी बेरीज पुन्हा शून्यावर येते.

न्यायालयाचा मार्गही सरळ नाही. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्ध १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याचा इचलकरंजीसारख्या कामगारांच्या गावाला चांगला परिचय आहे. मात्र २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिप्ला आणि कल्याणी स्टील्स या कंपन्यांच्या प्रकरणांत असे ठरवले की, कंत्राटी कामगार आणि मूळ मालक यांच्यातील मालक-नोकर नातेच वादात असेल तर या कायद्याखाली तक्रार चालत नाही. ते नाते आधी वेगळ्या कार्यवाहीत सिद्ध व्हावे लागते. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या चालकाला त्यासाठी वर्षानुवर्षे झुंजणे शक्य नाही. दुसरीकडे, ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते मूळ मालकाने द्यावे आणि ठेकेदाराकडून वसूल करावे, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होती. ही तरतूद दरमहा कोणी तपासायची, एवढाच प्रश्न उरतो, आणि तिथेच कामगारांच्या प्रतिनिधीची गरज लागते.

रुग्णवाहिका बंद पडली तर माणूस दगावेल, म्हणून या कामगारांनी संपावर जाऊ नये, असे सर्वांनाच वाटते, मलाही वाटते. परंतु ज्यांच्याकडून संपाचे हत्यार खाली ठेवण्याची अपेक्षा आपण करतो, त्यांच्यासाठी चर्चेचे दार इतरांपेक्षा अधिक मोकळे असायला हवे.

त्यात रुग्णांचेही हित आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पाणी येऊन पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता, आणि २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की गगनबावड्याच्या रस्त्यावर बालिंग्याला काय होते, मांडुकलीजवळ पाणी कधी येते, आणि अलीकडची गाडी पलीकडे कधी हलवून ठेवावी लागते, हे रात्री-अपरात्री गाडी चालवणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? मान्सूनपूर्व आढावा बैठकीत या चालकांचा एक निवडलेला प्रतिनिधी बसवण्यास शासनाला एक रुपयाही खर्च येणार नाही.

म्हणून जिल्हा परिषद आणि जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालय यांना विनंती आहे की, जे ठेके जिल्हा पातळीवर दिले जातात त्यांच्या पुढील निविदेतच अटी घालाव्यात: ठेकेदार बदलला तरी कार्यरत चालकांना प्रथम सामावून घ्यावे, त्यांची पूर्वीची सेवा आणि संघटनेचे सभासदत्व ग्राह्य धरावे, आणि सहायक कामगार आयुक्तांच्या उपस्थितीत दर तीन महिन्यांनी प्रतिनिधींसोबत बैठक घेऊन तिचे इतिवृत्त लेखी द्यावे. तातडीच्या सेवेच्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांचा करार राज्य पातळीवर होतो; त्यासाठी हीच शिफारस येथून शासनाकडे पाठवता येईल. यादीतून वगळलेल्या कामगाराला लेखी कारण मिळावे, ही अट तर निविदेची वाट न पाहता आजच लागू करता येण्यासारखी आहे.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहायक, कोल्हापूर