डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांची मोटरसायकल विकलीत, आता तिला टायर कोणता ते लेखी सांगा

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
(ई-मेलद्वारे)

विषय : मागच्या चाकाला चुकीच्या मापाचा, कमी भार पेलणारा व जुना टायर बसवल्याबद्दल आणि चालतील अशा पर्यायी टायरांची माहिती देण्याचे टाळल्याबद्दल तक्रार.

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही टायरांच्या साइडवॉलचे फोटो, मॅन्युअलमधील टायरच्या पानाचा फोटो.

महोदय / महोदया,

आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने माझ्या इलेक्ट्रिक मोटरसायकलच्या मागच्या चाकाला जो टायर बसवून दिला आहे, तो आपल्याच मॅन्युअलमध्ये छापलेल्या मापाचा नाही. तो अरुंद आहे, कमी वजन पेलणारा आहे आणि बसवला त्या दिवशीच चार वर्षांहून जुना होता. तो बदलून मिळावा, ही माझी पहिली मागणी. दुसरी मागणी माझ्यापुरती नाही. या गाडीला कोणकोणते टायर चालतात, हे कंपनीने लेखी जाहीर करावे.

मी सातारा जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. मेढा, बामणोली, तापोळा या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर माझी रोजची फिरती असते. डांबर संपले की जांभ्याचा कच्चा रस्ता, आणि शेवटचा टप्पा बहुतेक वेळा भाताच्या खाचरांच्या कडेने. गाय अडली असा फोन रात्री दोनलाही येतो. ही गाडी घेण्यामागे माझी पक्की कारणे होती आणि ती आजही बदललेली नाहीत. पेट्रोल पंप लांब आहे, वीज घरात आहे. गोठ्याच्या दारापर्यंत गाडी नेली तरी जनावर बुजत नाही. चढावर, मागे सहायक आणि (कृत्रिम रेतनाच्या मात्रा गोठवून ठेवणाऱ्या) द्रव नायट्रोजनचा कंटेनर असतानाही, मोटर कुठे दमत नाही. गाडी उत्तम आहे, म्हणूनच हे पत्र एवढे सविस्तर लिहिते आहे.

गाडीसोबत आलेला मागचा टायर 120/80-18 (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) 62 असा होता. नऊ हजार किलोमीटरच्या आसपास तो मधोमध संपला. कडेची बटणे (रबराचे उंचवटे) जवळजवळ कोरी आणि मधली ओळ घासून सपाट पट्टा झालेली, झिजेची खूण रबराच्या पातळीला आलेली. एवढ्या लवकर टायर गेला, याबद्दल माझी तक्रार नाही. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देते आणि तो सगळा मागच्या टायरवर येतो. थ्रॉटल सोडला की रीजनरेशन सुरू होते, मोटरच गाडी रोखून वीज परत बॅटरीत भरते, म्हणजे गाडी रोखण्याचे कामही पुन्हा तोच टायर करतो. त्यात बॅटरीचे वजन. पेट्रोलच्या गाडीइतका हा टायर टिकणार नाही, हे मला समजते. पण मला समजते ते आपल्याला गाडी बाजारात आणण्याआधीपासून माहीत असणार. मग सुटे टायर पुरेसे ठेवण्याची तजवीज का केली नाही?

मॅन्युअलमध्ये मागच्या चाकासाठी एकाच कंपनीच्या एकाच टायरचे नाव आहे आणि खाली ‘फक्त कंपनीमान्य टायर वापरावेत’ असे वाक्य आहे. तो टायर पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नव्हता. कधी येईल, सांगता येत नव्हते. त्याच मापाचा दुसरा टायर मी साताऱ्यात बसवून घेऊ का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘बाहेरचा घातलात तर वॉरंटीचं तुम्ही बघा.’ हे लिहून द्या म्हटल्यावर लिहून दिले नाही. टायर झिजण्याची वस्तू आहे, ती वॉरंटीत येत नाही, असे तेच सेंटर सांगते. म्हणजे टायर संपला तर जबाबदारी माझी, आणि मी स्वतः घेतला तर मोटर-बॅटरीची वॉरंटी धोक्यात. या दोन्ही गोष्टी एकाच ग्राहकाला सांगता येणार नाहीत. मोटर किंवा बॅटरी बिघडली आणि तो बिघाड टायरमुळे झाला असे आपले म्हणणे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपली आहे. नुसता टायर बाहेरचा आहे म्हणून वॉरंटी जाते, असे कंपनीचे धोरण असेल तर ते कागदावर द्या.

पावसाळा तोंडावर होता. शेवटी सेंटरकडूनच फोन आला की टायर आला आहे. घासलेल्या टायरवर महामार्गाने जाणे मला धोक्याचे वाटले, म्हणून गाडी टेम्पोत घालून पुण्याला पाठवली. भाडे मी भरले. गाडी परत आली ती 110/80-18, भारांक 58 असा टायर लावून. मला आधी विचारले नाही. बिलावर माप लिहिलेले नाही, फक्त ‘रिअर टायर’ असे आहे. फोन केला तर सांगितले, ‘मॅडम, रिम अठराचीच आहे, बसतो.’

रिमवर बसणे आणि गाडीला योग्य असणे यात किती अंतर आहे, ते आकड्यांतच सांगते. भारांक 62 म्हणजे एका टायरने 265 किलो पेलायचे. भारांक 58 म्हणजे 236 किलो. आपल्या मॅन्युअलमध्ये मागच्या चाकावरचा कमाल भार 245 किलो छापला आहे. मागे सहायक, औषधांची पेटी आणि नायट्रोजनचा कंटेनर घेऊन मी गाडीच्या मर्यादेत असले, तरी या टायरच्या मर्यादेबाहेर असू शकते. माझी अर्धी फिरती अशीच असते. हवा बरोबर भरली की झाले, असे सेंटरने सुचवले. पण साइडवॉलवरचा भार योग्य हवा धरूनच दिलेला असतो, जास्त हवा भरून तो वाढत नाही.

आता उंची. 120/80-18 चा व्यास सुमारे 649 मिलिमीटर, 110/80-18 चा सुमारे 633. फरक अडीच टक्क्यांचा. आपल्या गाडीत वेग मोटरच्या फेऱ्यांवरून मोजला जातो, असे मॅन्युअल सांगते. त्यामुळे पूर्वी मीटरवर 60 असताना फोनचे जीपीएस 58 दाखवायचे, आता 56-57 दाखवते. किलोमीटरही त्याच प्रमाणात जास्त पडत आहेत, आणि वॉरंटीची मर्यादा किलोमीटरवर आहे. पुढचे चाक मूळ मापाचे आणि मागचे लहान, यामुळे ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू लागले की मोटरचा जोर कमी करणारी यंत्रणा) आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांवर काय परिणाम होतो, हे तपासण्याची साधने माझ्याकडे नाहीत, आपल्याकडे आहेत. मला एवढे दिसते की जांभ्याच्या चढावर पूर्वी जिथे गाडी सरळ ओढायची, तिथे आता मधेच पॉवर तोडते.

तिसरी बाब वयाची. टायरच्या साइडवॉलवर अंडाकृती चौकटीत 3120 असे चार आकडे आहेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे हा टायर 2020 च्या 31 व्या आठवड्यात तयार झाला. ‘वापरलेला नाही, गोदामात होता,’ हे उत्तर मला मान्य नाही. रबर गोदामातही कडक होत जाते. महाबळेश्वरच्या अवतीभवतीच्या पावसात, शेवाळलेल्या डांबरावर आणि ओल्या जांभ्यावर टायर मऊ असणे ही चैन नाही. थ्रॉटल सोडताच रीजनरेशनने मागचे चाक किंचित घसरते, ते मूळ टायरवर कधी जाणवले नव्हते. तूर्त मी रीजनरेशन सर्वांत कमी ठेवून चालवते आहे. त्याने उतारावर परत मिळणारी वीजही गेली. पूर्वी बामणोलीचा फेरा करून घरी आले की बॅटरीत वीस-पंचवीस टक्के उरायचे. आता दहाच्या आत येते.

हा टायर बदलून मूळ मापाचा, निदान भारांक 62 चा आणि अलीकडे तयार झालेला टायर द्यावा. टेम्पोचे भाडे परत करावे आणि या वेळी गाडी न्यायची-आणायची सोय कंपनीने करावी. एवढे झाले की माझी गाडी मार्गी लागेल. पण वर्षभराने पुन्हा हाच प्रश्न येणार आहे आणि या गाडीच्या प्रत्येक मालकापुढे येणार आहे, म्हणून पुढचे लिहिते.

आपण वापरलेली मापे काही दुर्मीळ नाहीत. पुढचे 90/90-21 रॉयल एनफील्डच्या जुन्या हिमालयनला आहे आणि हीरोच्या एक्सपल्स 200 लाही. मागचे 120/80-18 हे एक्सपल्सचेच माप. त्यामुळे साताऱ्यातल्या टायरवाल्याकडेसुद्धा या मापात दोन-तीन भारतीय कंपन्यांचे टायर आयएसआय खुणेसह मिळतात. कोणी डांबराकडे झुकलेला, कोणी मोठ्या बटणांचा. माल समोर आहे. नाही ती माहिती. त्यातला कोणता टायर आपल्या गाडीचे वजन, टॉर्क आणि रीजनरेशन यांना पुरेल? पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसरीचा चालेल का? एक रेडियल आणि एक बायस (आतल्या धाग्यांची रचना वेगळी असलेले दोन प्रकार) असे चालेल का? बटण टायर लावला तर एका चार्जमधले किती किलोमीटर कमी होतील? रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) वाढला की रेंज घटते, हे साधे आहे, आणि मला दहा किलोमीटर कमी चालतील. पण ते आधी कळले तर मी तापोळ्याच्या पलीकडच्या फेरीचा बेत त्याप्रमाणे करीन. जलाशय ओलांडणाऱ्या तराफ्याच्या पलीकडे चार्जिंग शोधत फिरणे मला परवडत नाही, आणि ज्याचे जनावर अडले आहे त्याला तर नाहीच.

ही माहिती कंपनीच्या चाचणी विभागाकडे असणार. नसेल तर चाचण्या करून घ्या. निदान माप, किमान भारांक, किमान वेगचिन्ह (टायर किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारे अक्षर) आणि पुढच्या-मागच्या टायरची चालणारी जोडी, एवढे एका पानावर येते. पेट्रोल गाड्यांचे मालक एकमेकांना विचारून निभावतात, कारण त्या गाड्या वर्षानुवर्षे रस्त्यावर आहेत. आमच्या गाडीला तो अनुभव अजून जमलेला नाही, म्हणून ही जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

त्याच पानावर हवेचाही उल्लेख हवा. मॅन्युअलमध्ये एकट्याने आणि डबलसीट असे दोनच आकडे आहेत, दोन्ही डांबरासाठी. कच्च्या रस्त्यावर हवा थोडी उतरवायची असते, हे अशी मोटरसायकल चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पण एवढ्या वजनाच्या गाडीत किती उतरवली तर ट्यूब रिममध्ये चिमटून फुटेल किंवा दगडावर रिम चेपेल, हे अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही.

आणखी एक अडचण आहे, ती कदाचित आपल्यापर्यंत पोचली नसेल. आमच्याकडचे पंक्चरवाले या गाडीचे मागचे चाक काढायला तयार होत नाहीत. ‘करंट लागंल,’ म्हणतात. मोटर फ्रेममध्ये आहे, चाकात नाही. बेल्ट सैल करून अ‍ॅक्सल काढला की चाक इतर गाड्यांसारखेच निघते. पण त्यांना हे सांगणारे कोणी नाही आणि माझ्या शब्दावर ते विसंबत नाहीत, यात त्यांचे काही चुकत नाही. गाडी बंद कशी करायची, कोणत्या वायरला हात लावायचा नाही, एबीएसची रिंग कशी जपायची, बेल्टचा ताण किती ठेवायचा आणि अ‍ॅक्सलचा नट किती घट्ट करायचा, एवढे चित्रांसह मराठीत छापलेले एक पान द्या. ते मी डिकीत ठेवीन. तारकर्लीला किंवा मेळघाटात ही गाडी नेणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल. ट्यूब लागणाऱ्या तारांच्या चाकाची गाडी विकल्यावर पंक्चर हे ठरलेलेच. त्यासाठी प्रत्येक वेळी पुण्याहून माणूस येणे शक्य नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार वस्तूचा दर्जा, क्षमता आणि मानक यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि न विचारता कमी क्षमतेचा भाग बसवणे ही सेवेतील त्रुटी आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्याचाही हेतू असाच आहे. ग्राहकाला दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मिळावेत, एकाच दुकानाशी तो बांधला जाऊ नये. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तशी वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण ही गाडी मला पुढेही अनेक वर्षे वापरायची आहे.

तोपर्यंत मी सहायकाला मागे बसवत नाही. तो एसटीने येतो आणि गावातल्या फाट्यावर भेटतो. त्यामुळे रात्रीच्या फोनला मी एकटीच जाते आणि अडलेल्या गाईपाशी दोन हात कमी पडतात. म्हणून टायर बदलण्याचे काम पत्रव्यवहार संपेपर्यंत थांबवू नये, ते आधी करावे. उत्तर कृपया ई-मेलने पाठवा, फोनवर नको. टायरचे माप, भारांक आणि उत्पादनाचा आठवडा त्यात लिहिलेला असावा आणि तो नव्या बिलावरही यावा.

आपली,
(सही)
पशुवैद्यक, जि. सातारा