रोजची दहा-बारा वचने

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

बायबल वाचतोस, प्रार्थना करतोस, तरी देव ओळखीचा वाटत नाही, असं तू लिहिलंस. त्याचं निम्मं कारण तुझ्याच पत्रात आहे: वर्षभरात अख्खं बायबल संपवायचा तुझा संकल्प. 1189 अध्याय म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्तीचे 50 अध्याय पंधरवड्यात होतात, कारण त्यात गोष्टी आहेत. चौथ्या आठवड्यात निर्गमाच्या 25 व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात आणि महिना संपतो तोवर यज्ञांच्या नियमांचं लेवीय येतं. बहुतेकांची गाडी इथेच रुतते. मग राहिलेले अध्याय भरून काढायची घाई. हजेरी लागते, पण भेट राहून जाते. आणि योहान 17:3 मध्ये येशू सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला ओळखणं, असंच म्हणतो.

तेव्हा तो वर्षभराचा तक्ता बाजूला ठेव आणि मार्कचं शुभवर्तमान घे. 16 अध्याय, रोज दहा-बारा वचनं, साधारण दोन महिने. जुनं भाषांतर जड वाटलं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध भाषांतर शेजारी ठेव. शास्त्र सोपं केलं की त्याचं वजन कमी होतं, असं काही जुनी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याच्या अखेरीपर्यंत भाषांतर करत राहिल्या, ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच.

सकाळची पंधरा-वीस मिनिटं पुरतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. बायबलचं ॲप सोयीचं असलं तरी त्याच पडद्यावर निरोप येतात. भाग दोनदा वाच, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग वहीत तीन ओळी लिही: इथे देव कसा दिसतो, माणूस कसा दिसतो, आणि आज मी नेमकं काय करायचं. पहिला प्रश्न कधी गाळू नकोस. तो गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारली की बायबल सुविचारांची वही होऊन बसतं. तिसऱ्याचं उत्तर मात्र संध्याकाळपर्यंत करता येईल इतकं लहान हवं. ‘प्रेमाने वागेन’ असं लिहून काही होत नाही. ‘भावाला फोन करेन’ असं लिही. जो देवाची इच्छा पाळायला तयार आहे त्याला शिकवण कुठून आली ते कळेल, असं येशूने योहान 7:17 मध्ये म्हटलंय. म्हणजे कळणं पाळण्यावर अवलंबून आहे. वाचन वाढूनही ओळख वाढत नसेल, तर वहीची मागची पानं उलटून कुठली ओळ करायची राहिली ते बघ.

एक सवय मात्र सोड. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन. नववर्षाच्या कार्डांवरचं, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 घे, ‘हिताचे संकल्प’वालं. ते यिर्मयाने बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहूदी लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षांची मुदत आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाण्याआधीच मरणार होते. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका सांगतो, आणि तो खोटा ठरतो. यिर्मया मात्र सांगतो: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं वाचल्यावर ते वचन लहान होत नाही, उलट टिकाऊ होतं. पण नोकरीच्या मुलाखतीच्या सकाळी त्यातून हनन्याची दोन वर्षं काढू नयेत.

प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत म्हणतोस. बायबलमधली 150 स्तोत्रं उसनी घे. आजची तारीख आणि तिच्यात तीस-तीस मिळवत जा: 12 तारखेला 12, 42, 72, 102, 132. पाचांवरून नजर फिरव, मनाला लागेल ते एक निवड आणि ओळीओळीला थांबून स्वतःच्या शब्दांत परत बोल. 29 तारखेला 119 वं येतं, 176 वचनांचं. ते 31 तारखेसाठी राखून ठेव. 28 तारखेला 88 वं भेटेल, त्याचा शेवट अंधारातच होतो. देवाने असली प्रार्थनाही आपल्या पुस्तकात ठेवली आहे, तेव्हा कोरड्या दिवशी उसना उत्साह आणू नकोस. काहीच वाटलं नाही तर तेच त्याला सांग. झोप, आजारपण, एखाद्यावर धरून ठेवलेला राग, ही कारणंही तपास. प्रत्येक कोरडेपणा म्हणजे पाप नव्हे.

रविवारची उपासना आणि प्रभुभोजन चुकवू नकोस, प्रवचन कंटाळवाणं असलं तरी. ज्या दिवशी तुझा विश्वास डगमगतो त्या दिवशी शेजारच्या बाकावरची म्हातारी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं पद तुझ्याही वाटणीचं गाते. मंडळीतला एक जाणता माणूस गाठ आणि पंधरवड्यातून एकदा वही घेऊन त्याच्याकडे बस. एकट्याने वाचताना आपण आपल्याला हवं तेच ऐकतो.

उद्या मार्क 1, पहिली 11 वचनं. तिन्ही ओळींत काय लिहिलंस ते पुढच्या पत्रात कळव, आणि पहिली ओळ कोरी राहिली तर तेही.

तुझा,
मित्र