ड्रायव्हरच नाही, मग तुला पगार कसला?

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की टॅक्सी आपली आपण चालते तर तुला पगार कसला देतात, आणि मी हसून विषय बदलला. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून आज नाइट शिफ्ट करून आले ती थेट लिहायलाच बसले (आई, जेवलेय गं).

खरं सांगू? तुम्ही गोव्यात कदंब बसच्या पर्वरी डेपोत जे केलंत तेच करते. डेड किलोमीटरवरून, म्हणजे गाडी रिकामी पळवण्यावरून, तुम्ही किती चिडायचात, शेवटची गाडी रिकामी परत आणायची की साखळीलाच नाइट हॉल्ट द्यायचा. इथे सॅन फ्रान्सिस्कोत तेच आहे, फक्त गाड्या छोट्या, इलेक्ट्रिक, आणि अॅपवर जो बोलवेल त्याच्या. पॅसेंजर उतरला की गाडी रिकामी फिरवली तर बॅटरी जाते नि ट्रॅफिक वाढतो, उभी करावी तर पार्किंग कुठंय? मग पुढची मागणी कुठून येईल ते ओळखून आधीच तिकडे सरकवायची. अंदाज कॉम्प्युटरच करतो, पण एखादी मॅच सुटली की त्याचंही गणित फिसकटतं.

चार्जिंग म्हणजे तर डोकेदुखी. इथे विजेचा दर दुपारी ४ ते रात्री ९ सगळ्यात जास्त, आणि पॅसेंजरही नेमके तेव्हाच! म्हणून भर दुपारी सोलरची वीज भरपूर असते तेव्हा थोडं, बाकीचं मध्यरात्रीनंतर. ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग मंदावतं, त्यामुळे घाई असली की तिथेच गन काढून पुढच्या गाडीला लावायची. डिझेल पंपावरची तुमची रांग आठवा, फक्त इथे एकेका गाडीला अर्धा-पाऊण तास.

आणि धुणं-पुसणं आहेच. कॅमेऱ्यावर चिखल बसला की गाडी आंधळी, शनिवारी रात्री कोणीतरी आत ओकलेलं असतं, आणि सगळ्यात भारी म्हणजे लोक दार उघडं टाकून निघून जातात. एवढी महागडी गाडी, पण दार लावायला हात नाहीत, तशीच उभी. मागच्या महिन्यात दोनदा मीच जाऊन लावलं 😀

गाडी कुठे अडली तर स्क्रीनवर आम्हाला विचारते. स्टिअरिंग आमच्या हातात नसतं हं, आम्ही फक्त सुचवायचं की डावीकडून बघ, जायचं की नाही ते तीच ठरवते. २०२५ च्या डिसेंबरात इथे मोठी लाइट गेली, सिग्नल बंद, आणि शहरात अशा गाड्या चौकाचौकात अडकून पडल्या. आई, तू म्हणशील आपल्याकडे तर जूनचा पहिला वारा सुटला की लाइट जाते. तेच तर!

म्हणून मोटरसायकलवरून भाडं मारणाऱ्या शेजारच्या पायलटकाकांना सांगा, तुमच्या पिवळ्या मडगार्डला एवढ्यात धोका नाही. चोर्ला घाटातलं धुकं आणि रात्री रस्त्यात बसलेली गुरं, यांच्यापुढे आमची गाडी हात जोडेल. कधीच येणार नाही असं मात्र नका सांगू. डेपोत आम्ही आहोत हे खरं, पण सीटवरचा माणूस गेलाच ना, हे मलाही खुपतं.

चवथीला येतेय, तिकीट काढलंय. बाबा, तुमचं ड्युटी चार्टचं जुनं रजिस्टर कपाटावर असेल तर रद्दीत घालू नका. भर पावसात गाडी बंद पडली की स्पेअर गाडी कुठल्या रूटवरून काढायचात ते मला नीट बसून समजून घ्यायचंय, आमचं तिथेच अडतंय.

तुमची,
बाय