मास्तर, तुमची बदली झाली म्हणे

कंडक्टर मास्तर, स. न. वि. वि.

तुमची विनंती बदली मंजूर झाली आणि तुम्ही मराठवाड्यात घराजवळच्या आगारात हजर झालात, हे आम्हाला कट्टा गावच्या बाजारात कळलं. जाताना सांगितलं नाहीत म्हणून थोडा राग आहे, पण आईवडिलांजवळ गेलात हे बरंच झालं. पत्र असं जाहीर लिहितेय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. शिवाय यातल्या एकदोन गोष्टी तुम्ही इथे असताना लिहिल्या असत्या, तर तुम्हाला मेमो मिळाला असता.

आधी तिकिटाबद्दल. पंच्याहत्तरी उलटलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट झाली, तेव्हा आमच्या वाडीतल्या आज्यांना वाटलं की आता तिकिटाची भानगडच मिटली. आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. तुम्ही मात्र मशीन घेऊन प्रत्येकीपुढे उभे. "दोन स्टॉपांसाठी कशाला कागद फुकट घालवतंस?" असं वरच्या घरातल्या आजी तुमच्यावर खेकसल्या, तेव्हा तुम्ही दिलेलं उत्तर मला अजून पाठ आहे : "आजे, तिकीट निघालं नाही तर तुमी गाडीत बसलाच नाही, असं मशीन म्हणतं. उद्या गाडी बंद झाली तर मला शिव्या देऊ नका."

तेव्हा आम्हाला कळलं की त्या शून्य रुपयांच्या तिकिटाचे पैसे सरकार एसटीला भरून देतं, आणि तिकीटच निघालं नाही तर सात म्हाताऱ्या बसलेली गाडी कागदावर रिकामी धावते. भारमान नाही, म्हणजे पुरेशा सीटा भरल्या नाहीत, की फेरी बंद. आता त्याच आजी तिकीट मागून घेतात आणि घरी डब्यात साठवतात. कशाला, ते देवाला माहीत.

माझं अर्धं तिकीट. पासष्टी झाल्यामुळे अर्धं, आणि १७ मार्च २०२३ पासून बाईमाणूस म्हणूनही अर्धं. दोन अर्धी मिळून एक का होत नाही, असं मी तुम्हाला विचारलं होतं. "मावशी, तुमी गणिताच्या बाई होतात ना?" म्हणून तुम्ही पुढे गेलात. सगळी गाडी हसली, मीही.

गणिताची नाही, सगळ्याच विषयांची होते. जिल्हा परिषदेच्या शाळेला वेगळ्या विषयाचा शिक्षक मिळतोय कुठला! पण मास्तरकीमुळे २०११ च्या जनगणनेचं काम वाट्याला आलं आणि दारोदार फिरले. २००१ मध्ये सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार माणसं होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार झाली. दर हजार पुरुषांमागे १०३६ बायका. घरात म्हातारी, दारात तुळस, आणि मुलगा विरारला नाहीतर डोंबिवलीला. शेजारच्या दोन घरांना कुलूप, किल्ली तिच्याकडेच. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेत पोरं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि गावातली गाडी तर पोरांच्या पासांवर चालायची! शाळेला सुट्टी लागली की फेरीलाही सुट्टी. मे महिन्यात गुडघे दुखायचे थांबतात, असा काहीतरी हिशोब असावा.

कोरोना झाला, मग नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ संप झाला. तुमच्या लोकांनी त्यात काय सोसलं ते तुम्ही कधीतरी थोडंसं सांगितलंत, मी जास्त खोदून विचारलं नाही. त्यानंतर आमच्या वाट्याला सकाळची एकच फेरी उरली, आणि ती ओरोसच्या सरकारी दवाखान्यात पोचवायची केसपेपरची खिडकी बंद व्हायच्या बेताला. याच दिवसांत आमच्या ह्यांचं उजवं अंग गेलं. व्यायामासाठी ओरोसला न्यायचं तर खासगी गाडी करावी लागे, आणि ते पेन्शनीत बसणारं नव्हतं.

आम्ही आगारात अर्ज देणार होतो : 'दुपारची फेरी पूर्ववत सुरू करावी ही नम्र विनंती.' तुम्ही तो वाचून परत दिलात. म्हणालात, नवीन फेरी मागाल तर गाडी लागते, ड्रायव्हर लागतो, डिझेल लागतं. आहे तीच फेरी लवकर सोडा म्हणा. कोण कुठल्या वारी दवाखान्यात जातं त्याची यादी लावा, ग्रामपंचायतीचा शिक्का घ्या. आम्ही घरोघर फिरून यादी केली. डोळ्यांचे, बीपीचे, साखरेचे, आमचे हे, असे सगळे वारांसकट. गाडी लवकर सुटायला लागली. आगारात ज्यांनी ती यादी वाचून सही केली त्यांचेही आभार, पण अर्ज कसा लिहायचा हे शिकवलंत तुम्ही. चाळीस वर्षं मुलांना अर्जलेखन शिकवणाऱ्या बाईला!

आता चढण्याचं. एसटीची पहिली पायरी केवढी उंच असते हे धडधाकट माणसाच्या लक्षात येत नाही. ह्यांचा उजवा पाय वीतभरही उचलत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही आणि मी मिळून त्यांना अक्षरशः वर ओढलं, आणि नंतर दिवसभर ते कोणाशी बोलले नाहीत. पुढच्या वेळी तुमच्या ड्रायव्हरदादांनी गाडी नेहमीच्या जागेच्या थोडी पुढे नेली आणि शेडच्या चिऱ्याच्या ओट्याला इतकी चिकटवली की मध्ये हात शिरला नसता. दार बरोबर ओट्यासमोर. हे मागच्या बाजूने ओट्यावर चढले, तिथे उतार आहे, आणि ओट्यावरून सरळ पायरीवर पाय टाकला. डावा आधी, मग उजवा. "काकांनु, सावकाश. गाडी खंय पळान जाणा नाय," असं दादा आरशात बघून म्हणाले. तुम्ही दांडीपाशी उभे होतात, पण हात लावला नाहीत. धरायला सगळेच येतात, मास्तर. हात मागे घेऊन उभं राहणं तुम्हाला कोणी शिकवलं?

परतीच्या वाटेवर फाट्यापासून घर दोन किलोमीटर, तेही चढणीचं. तिथे रिक्षा उभी नसते, कारण दिवसभर तिथे थांबून रिक्षावाल्याचं पोट भरत नाही. तुम्ही त्यावर केलेला उपाय फुकटचा होता. कट्टा सोडलं की तुम्ही त्याला मिस कॉल द्यायचात. एक रिंग म्हणजे आमचे हे आहेत, दोन रिंगा म्हणजे आणखीही कोणी आहे, मोठी फेरी घे. गाडी फाट्यावर येईपर्यंत रिक्षा वळवून तयार. त्या रिक्षावाल्याचेही इथेच आभार मानते. पावसात वाटेतल्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी असलं तरी तो आला, आणि भाडं कधी चढवून मागितलं नाही.

गोव्यात बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागलं तेव्हाची तुमची सूचनाही कामाला आली. फुकट प्रवास राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढे गोव्यातले पैसे पडतात, सुटे हातात ठेवा. साधी गोष्ट, पण हद्दीजवळच्या बांद्याच्या पुढे भरल्या गाडीत पिशवी उपसायची वेळ आली नाही.

आणि मेमोवाली गोष्ट. कुडाळच्या दुकानातून औषधाची पुडी तुमच्या हाती यायची. नियमात बसतं की नाही हे मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत.

एक राहिलंच. तुम्ही माळकरी, आणि आमच्या गाडीत मालवणच्या म्हावऱ्याच्या पाट्या. तुम्ही त्या मागच्या सीटपाशी ठेवायला लावायचात आणि नाकाला रुमाल लावून तिकिटं फाडायचात, पण एकाही बाईला कधी उतरवलं नाहीत. त्या बायकांनी मुद्दाम नमस्कार सांगितलाय.

तुमच्या जागी आलेले मास्तर तरुण आहेत, थोडे घाईचे. त्यांना रिक्षावाल्याचा नंबर दिलाय आणि रिंगांचा हिशोबही समजावलाय. परवा त्यांनी दोन रिंगांच्या जागी तीन दिल्या, आणि रिक्षावाला बिचारा भावाचीही रिक्षा घेऊन आला.

पत्ता कळवा. आमसुलं सुकवून ठेवलीत, कोणी तिकडे जाणारं मिळालं की पाठवते.

तुमची,
मालवण तालुक्यातली बाई-मावशी